मागून आलेल्याची दोरी

“बसू का, काका?” त्यानं विचारलं. हातात विकतची काठी, तिला नवाकोरा चकचकीत गळ. ओढा काही माझ्या बापाचा नव्हता. पण इतकं गोड विचारणाऱ्यांचाच मला संशय येतो.

सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा बघून तो बसला. म्हणजे गडी पोचलेला होता. मी गांडुळांचा डबा मांडीखाली सरकवला.

तासाभरानं माझी दोरी ताणली गेली आणि त्याच झटक्यात त्याचीही. गुंतल्या! दुसऱ्याला लागलेला मासा पळवायचा हा जुनाच डाव.

“इथली रीत ठाऊक आहे ना?” मी ओरडलो. “दोऱ्या गुंतल्या, की मागून आलेल्यानं आपली तोडायची!”

त्यानं पाण्याकडे पाहिलं, माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि दातांनी स्वतःची दोरी तोडली. मी हातभर मरळ काठावर ओढून घेतली.

“झकास लागली, काका,” तो म्हणाला आणि दुसरा गळ बांधू लागला.

मी मरळीचा जबडा उघडला. आत चकचकीत गळ रुतला होता. माझा गंजका गळ नुसताच त्याच्या तुटक्या दोरीत अडकला होता. त्यावरचं गांडूळ अजून वळवळत होतं.