एकही अक्षर न चुकता

"पूर आला की फोन मुके होतील, तेव्हा माझा रेडिओच कामाला येईल," असं देवपूरचे अभिमनभाऊ तीन वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. हौसेपायी त्यांनी लिहिलेला मजकूर पाठवणाऱ्या रेडिओला जोडलेला एक कॉम्प्युटर घरी ठेवला, दुसरा तापीकाठच्या सुकदेवकडे बसवला.

यंदा तापीला पूर आला, फोन मुके झाले आणि भाऊंच्या पडद्यावर सुकदेवची अहिराणी उमटली, "पानी घरमा घुसनं. शाळाना धाबावर चढीसन चाळीस मानसे बठेल शेतस. कलेक्टरले सांगा, होडी धाडा."

भाऊंचे डोळे भरून आले. एकही अक्षर चुकलं नव्हतं. त्यांनी कागद छापून फ्रेम करायला टाकला, गल्लीभर पेढे वाटले आणि रेडिओवरून सुकदेवला शाबासकी पाठवली.

लगेच उत्तर आलं, "शाबासकी भेटनी, भाऊ. होडी नही भेटनी."