खालून कोण बोलतंय

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत मी नेटवर्क सॉकेटवर, म्हणजे दोन संगणकांना बोलतं करणाऱ्या दुव्यावर, एक थर लिहितोय. खालची यंत्रणा कुठलीही असो, वरच्या प्रोग्रामला चारच फंक्शन्स दिसायची: जोड, पाठव, घे, बंद कर. "वरच्याला उत्तर मिळाल्याशी मतलब," आमच्या मॅडम सांगतात. "खालून कोण देतंय, याचा वासही लागता कामा नये."

या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. दादा अपघातात गेला, त्याला सात महिने झाले. ताईकडे राहणाऱ्या आईचं हृदय नाजूक. तिला सांगायचा आम्हा दोघांनाही धीर झाला नाही. ती रोज दुपारी एकला दादाच्या नंबरवर फोन करते आणि मी दादा होऊन बोलतो. तोच घोगरा आवाज, तेच "बोल गं म्हातारे." तिला अजून शंकाही आलेली नाही.

आज मात्र थराच्या टेस्ट फसल्या आणि मी तीनपर्यंत मॅडमच्या केबिनमध्ये अडकलो. जागेवर आलो, तर दादाचा फोन ड्रॉवरमध्ये सकाळपासून बंद पडलेला. चार्जिंगला लावायचाच राहिला होता. चार्जर जोडला आणि घाईघाईनं आईला फोन लावला.

"म्हातारे, रागावलीस?" मी दादाच्या आवाजात म्हणालो. "दुपारी बोलायला जमलंच नाही गं."

"अरे, असं काय करतोस? चांगला अर्धा तास बोललास की. म्हणालास, धाकटा फार दमलाय, उद्यापासून मीच फोन घेत जाईन." आणि तिनंच विचारलं,

"मग इतके दिवस कोण घेत होतं रे?"