कडू घास

"मना जेवनमा कायतरी कालवतस," असं योगराजभाऊ आपल्या ताटाकडे बोट दाखवून सांगायचे. आम्ही त्याला संशयाचा आजार म्हणायचो. आणि त्या आजारावरची गोळी कुटून त्यांच्या वरणात घालायला त्यांच्या बायकोला, कुंदाबाईंना, सांगितलं होतं मीच, भाऊंच्या समुपदेशक बाईनं.

रुग्णाची भीती खोटी न ठरवता त्याच्यासोबत तपासायची, ही नवी उपचारपद्धत शिकले, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. लपवून गोळी देणं थांबवलं. सोनगीरला घरी जाऊन भाऊंची माफी मागितली.

मग त्यांची भीती तपासायला आम्ही शेजारी जेवायला बसलो. त्यांच्यापुढे कुंदाबाईंचं ताट, माझ्यापुढे माझ्याच हातचा, धुळ्याहून आणलेला डबा.

भाऊंनी भीतभीत घास घेतला. "आज कडू नही लागनं," ते हसले.

मीही माझ्या डब्यातला घास घेतला. कुटलेल्या गोळीसारखा कडू.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. "ताई, तुमना डबामा बी कायतरी शे का?"

"छे हो, काहीच नाही," मी पुन्हा खोटंच म्हणाले आणि तो कडू घास गिळला.