चौदा नोव्हेंबरची आई

वकीलबाईंनी बक्षीसपत्रावरचा आईचा फोटो माझ्यापुढे सरकवला. "चौदा नोव्हेंबर. त्या दिवशी आई भानावर नव्हत्या, एवढंच कोर्टात सांगा, ताई. आपण काय देतोय हेच ज्याला कळत नाही, त्याचा अंगठा कायद्यात टिकत नाही. भावाच्या नावावर गेलेलं घर परत तुम्हा दोघांचं होईल."

त्यात खोटं काहीच नव्हतं. शेवटची दोन वर्षं आई मला दवाखान्यातली सिस्टर समजायची.

पण फोटोतली ती घट्ट वेणी मी घातली होती. "पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला न्यायचंय, जरा नीट तयार कर," असं सांगून दादा दारातच थांबला होता. वेणीचं टोक बांधताना आई एकदम वळली आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "ठके, किती गं वाळलीस!" दोन वर्षांत तिनं मला ओळखलं ते तेवढं एकदाच. नंतर ती जाईपर्यंत पुन्हा नाही.

कोर्टात दादाच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं. "त्या सकाळी आईनं तुम्हाला 'ठके' अशी हाक मारली होती ना?"

दादाशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं. तो मान खाली घालून बसला होता.

"नाही," मी म्हणाले. "ती मला सिस्टरच समजत होती."

टाइप केलेली साक्ष कोर्टाच्या कारकुनानं मला वाचून दाखवली, नीट कळली का ते विचारलं आणि खाली सही घेतली.

मी पूर्ण भानावर होते.