कणगीआड

खाणीत दरड अंगावर येऊन हैबतीची कंबर मोडली, तेव्हापासून पाय गेले ते गेलेच. भरपाईसाठी अर्ज केला होता, आणि हा खरंच पांगळा झालाय का हे बघायला कोर्टाचा माणूस कधीतरी येणार होता. पण आज साळूला बघायला सारोळ्याचे पाहुणे यायचे होते. पांगळ्या बापाची पोर कोण करून घेणार, म्हणून मायलेकींनी त्याला उचलून कणगीमागं निजवलं होतं.

दारात कोट-फेट्यातला एकजण आला. सोजराबाईनं घोंगडं अंथरलं, गूळपाणी पुढं ठेवलं.

"घरधनी दिसत नाहीत?"

"मेंढरं घिऊन डोंगराला गेल्यात जी."

"पायानं धड आहेत ना?"

"व्हय तर. दिसाला पाच कोस तुडवत्यात."

कणगीमागं हैबतीला बायकोचं कौतुक वाटलं. जन्मात खोटं न बोललेली बाई, पण वेळेला कशी बेस बोलली! त्यानं फटीतून पाहिलं. पाहुणा मांडीवर कागद ठेवून तिचा शब्द न् शब्द लिहून घेत होता.

सोयरीक जमवायला आलेलं माणूस असं लिहून घेत नाही. हाक मारायला हैबतीनं तोंड उघडलं.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "हैबतबाचं घर ह्येच न्हवं? आमी सारोळ्यासनं आलोय, पोरगी बघाया."

हैबतीनं उघडलेलं तोंड मिटलं, आणि तो श्वाससुद्धा बेतानं घ्यायला लागला.