पर्सिमन स्ट्रीटची नियोजित दंगल

पर्सिमन स्ट्रीटवर शेवटी कचऱ्याची गाडी आली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. गाडी आलेली नाही. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर कचऱ्याचा डोंगर तसाच आहे, त्यात घुशी सुखाने नांदताहेत, आणि लुवेनिया पेटवेबाईंच्या बैठकीच्या खोलीत रहिवासी मंडळाची सभा भरली आहे.

काळ्या वस्तीतल्या या सभेला महापालिकेचा एक तरुण गोरा साहेब आला होता, ओबर्ग नावाचा. एका मांडीवर फाईल, दुसऱ्या मांडीवर पाउंड केकची बशी.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गॅरिसन स्ट्रीटवर दंगल झाली होती. पोलिसांनी न्हाव्याच्या दुकानातून एका गिऱ्हाइकाला फरफटत नेलं, मग दुकानं जळली, मग पोलिसांनी गोळीबार केला आणि न्हाव्याचा मुलगा डेल्बर्ट गेला. त्यानंतर तिथे महापालिका अवतरली. कचरा उचलला, दिवे लावले, पोरांना डुंबायला ट्रकवर बसवलेला एक फिरता पोहण्याचा तलावसुद्धा आणला.

"आमच्याकडे कधी येणार?" लुवेनियाबाईंनी विचारलं.

"मॅडम, ही मदत फक्त दंगलग्रस्त रस्त्यांसाठी आहे. तुमच्याकडे काही जळलं का?"

"कसं जळेल? आमचे पुरुष पाण्याचे पाइप घेऊन रात्रभर पायऱ्यांवर बसले होते."

"अरे वा! म्हणजे तुमच्याकडे काही प्रश्नच नाही." पण ओबर्ग मनाने वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "एखादी काचबिच तरी फुटली असेल?"

सगळ्यांनी डीकन स्पॅनकडे पाहिलं. त्यांच्या खिडकीला हा एवढा तडा होता. डीकननी खोटं बोलायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण निम्मं आयुष्य चर्चमध्ये दानपेटी फिरवण्यात गेलेलं, जमेना.

"बेसबॉल लागला होता," ते म्हणाले. "माझाच."

लुवेनियाबाईंचा जीव नातीत अडकला होता. घुशीने पाळण्याची झालर कुरतडली, तेव्हापासून त्यांची मुलगी वर्लीन बाळाला घेऊन आलीच नव्हती. "आई, तो कचरा हलेल त्या दिवशी बाळ येईल," तिने फोनवर सांगून टाकलं होतं. कचऱ्यासाठी मंडळाने वर्षानुवर्षं अर्ज केले होते, मोर्चा काढला होता, महापालिकेच्या पायऱ्यांवर उभं राहून गाणी म्हटली होती. गाण्यांचं फार कौतुक झालं होतं.

"मग मी ठराव मांडते," लुवेनियाबाई म्हणाल्या. "आपणही एक दंगल करावी."

"अनुमोदन!" सिस्टर यूला स्वयंपाकघरातून ओरडल्या.

ओबर्गच्या घशात केक अडकला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"बुधवार नको हं," डीकन म्हणाले. "बुधवारी प्रार्थना असते."

"आणि माझ्या झेंडूला कुणी हात लावायचा नाही, आत्ताच सांगते."

"अहो सिस्टर यूला, दंगलीत झेंडू कोण बघत बसतंय?"

"मी बघत बसणार आहे!"

रस्त्याच्या तोंडाशी मंडळाची पाटी होती: चेंडू खेळू नये, गाडी धुऊ नये, रेडिओ मोठ्याने लावू नये. दंगल या नियमांत बसेल अशीच करावी, असं एकमताने ठरलं. राहता राहिला परवानगीचा प्रश्न. मागच्या मोर्चाच्या वेळी परवाना नाही म्हणून अख्ख्या मंडळाला आत टाकलं होतं, सिस्टर यूलांना तर एप्रनसकट. तीच चूक पुन्हा कोण करणार?

"साहेब, दंगलीचा परवाना कुठल्या खिडकीवर मिळतो?" लुवेनियाबाईंनी ओबर्गला विचारलं.

"असा परवाना नसतो हो!"

"मग गॅरिसन स्ट्रीटवाल्यांनी काय केलं?"

"त्यांनी... न विचारताच केली."

"बघा," डीकन म्हणाले. "वळणच नाही लोकांना."

"डेल्बर्टला होतं," लुवेनियाबाई म्हणाल्या. "चर्चच्या संडे स्कूलला माझ्याच वर्गात होता. बोट वर केल्याशिवाय पाणीसुद्धा मागायचा नाही."

मग त्यांनी दंगलीच्या परवानगीचा अर्ज सांगायला सुरुवात केली आणि ओबर्गने सवयीने तो उतरवून घेतला. सवयीनेच 'पोचला' असा शिक्का मारला. मग आपण काय लिहिलंय ते त्याने वाचलं, आणि केक तसाच टाकून तो टेलिफोनकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली. आता तुम्हाला कळलं तरी चालेल. मागोमाग दुसरी आली, तिच्यामागे घुशी पकडणारे आले आणि त्यांच्यामागे पोलिसांची एक गाडी. रस्त्यावर दंगलखोर कुठेच दिसेनात, म्हणून पोलीस झेंडू बघून परत गेले.

रविवारी चर्च सुटल्यावर वर्लीन बाळाला घेऊन आली. बाळ स्वयंपाकघरभर रांगलं, टेबलाखाली गेलं, तिथेच झोपलं. लुवेनियाबाई तिथून हलल्याच नाहीत. मंडळाची पुढची सभा त्यांनी स्वयंपाकघरातच घेतली, झोपलेलं बाळ मांडीवर घेऊन.

"झालं ना काम?" डीकन कुजबुजले. "मग अर्ज मागे घेऊ या."

"मागे कसला घेताय? कचरा काय एकदाच होतो? पुढच्या वर्षासाठी नवा लिहा. आणि हळू बोला."

डीकननी चष्मा चढवला आणि त्या सांगतील तसं लिहीत गेले:

"तरी पर्सिमन स्ट्रीट रहिवासी मंडळास येत्या उन्हाळ्यात, बुधवार व रविवार वगळून, एक दंगल करण्याची परवानगी मिळावी. पाऊस आल्यास दंगल चर्चच्या तळघरात होईल. बंदोबस्तावरील पोलिसांसाठी लिंबू सरबताची सोय मंडळ करील. त्यांनी येताना बंदुका घरी ठेवून याव्यात, ही नम्र विनंती."