थांबवलेलं मशीन

ट्रकांच्या बिलांचा प्रोग्राम जुना, नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून हेमालीच्या नवऱ्याने, दिपेशने, त्याच कॉम्प्युटरच्या आत दुसरा जुना कॉम्प्युटर बसवला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणायचा. एका सकाळी ते अर्ध्या कामात थांबवून तो रेवसला निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. आता सासऱ्यांना धंदा पुन्हा उभा करायचा होता, पण मशीन उघडत नव्हतं.

“वहिनी, दादाने जिथं थांबवलं तिथूनच उठायला बघतंय आणि अडकतंय,” दुरुस्तीला आलेला निकेत म्हणाला. “ते अर्धवट टाकून दिलं तरच नव्याने चालू होईल.”

हेमालीचा हात माउसवरून हलेना. सासरे रामचंद्र मात्र व्यवहाराला पक्के, मुलाच्या तेराव्यालाही टायरांचे भाव विचारून घेणारे.

“टाक रे. गेलेल्यासाठी किती दिवस अडून ऱ्हायचं?”

हेमालीने मान वर केली. “मामंजी, माझा भाऊ पालीहून माझ्यासाठी दुसऱ्या लग्नाचं स्थळ घेऊन आला, त्याला तुम्ही दारातूनच परत धाडलंत. पुन्हा बोलावू?”

तिने अर्धवट राहिलेलं टाकून दिलं. मशीन सुरू झालं. रामचंद्र तिच्याकडे न बघता पडद्यावरची बिलं चाळू लागले.

“निकेतसाठी चहा ठेव,” ते म्हणाले.